आधी कोपरे बघ

नीलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी लुआसमध्ये होते. सँडीफोर्डहून सुटणारी सकाळची ट्राम, सगळे आपापल्या फोनमध्ये मान घालून बसलेले, आणि माझ्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर काकूंचं नाव बघून मी घाबरले. गेले चौदा महिने त्यांच्या गावाहून, किलकेनीहून आलेल्या कुठल्याही फोनने माझं असंच व्हायचं. मला वाटलं, त्या मुलीचं काहीतरी कळलं… सापडली, नको त्या माणसांना सापडली. काकू म्हणाल्या, "मृदुला, काका गेले गं. आत्ता सकाळीच. शांतपणे गेले." आणि मला… लिहायला लाज वाटते, पण लिहिते… मला आधी हायसं वाटलं. म्हणजे तिचं काही नाही! पुढचा स्टॉप येईपर्यंत ते हायसं टिकलं. मग काकू काय म्हणाल्या ते डोक्यात शिरलं आणि मी भलत्याच स्टॉपवर उतरून बाकावर बसून राहिले. शेजारच्या बाईंनी "आर यू ऑल राइट, लव्ह?" म्हणून विचारलं. मी "ग्रँड, ग्रँड", म्हणजे अगदी मजेत, म्हणाले. इतकी वर्षं आयरिश लोकांत राहून तेवढं खोटं बोलायला मी शिकले आहे.

हा लेख मी दुसऱ्यांदा लिहिते आहे. पहिला लिहून तयार होता, त्यात खरी नावं होती, खरं गाव होतं. तो का टाकून दिला ते शेवटी सांगेन. तोवर एवढं धरून चाला, की काकांचं नाव भास्कर नव्हतं, काकूंचं नीला नाही, माझं मृदुला नाही, आणि मी किलकेनी म्हणते ते किलकेनी असेलच असं नाही. ज्याची आठवण काढायची त्याचंच नाव खोटं लिहायचं, हे विचित्र आहे खरं. पण काकांना त्यात काही वावगं वाटलं नसतं. उलट हसून म्हणाले असते, "कुणाला ओळख पटली नाही ना? मग उत्तम लिहिलायस."

भास्करकाका रेडिऑलॉजिस्ट होते. शिक्षण मिरजेला, आणि नोकरीची शेवटची पंचवीस वर्षं किलकेनीच्या इस्पितळात. आमची ओळख आईमुळे झाली. आई नागपूरहून आली होती, तिला किल्ला दाखवायला नेलं, आणि तिथल्या पायरीवर पडून तिने मनगट मोडून घेतलं. क्ष-किरण विभागाबाहेर खुर्चीत बसून ती "आई गं… आई गं…" करत होती. तेवढ्यात आतल्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडून एक टक्कल पडलेले, जाड चष्म्याचे गृहस्थ बाहेर आले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "कोण आहे? भिंतीपलीकडून ऐकू आलं. आयरिश माणूस असं ओरडत नाही." आईचं मनगट दुखायचं थांबलं नाही, पण ती हसली मात्र. त्याच दुपारी काकूंनी आम्हाला वरण-भाताला घरी नेलं, आणि पुढची सहा वर्षं महिन्यातून एक तरी शनिवार मी त्यांच्याकडे जेवले.

मी मुळात भित्री आहे. विमानात बसताना रामरक्षा म्हणणारी, गॅस बंद केला की नाही ते बघायला जिने चढून परत जाणारी. काकाही भित्रेच होते, पण त्यांची भीती वेगळ्या जातीची होती. "घाबरायचं," ते म्हणत, "पण कामाला लागून घाबरायचं. नुसतं बसून घाबरण्यात काय अर्थ?" एक्स-रे बघताना ते कधी फिल्मच्या मध्याकडे आधी बघत नसत. मधलं कुणालाही दिसतं, हे त्यांचं पहिलं सूत्र. ते सुरुवात कोपऱ्यांपासून करत: फुफ्फुसांची वरची टोकं, हृदयाच्या मागची जागा, श्वासपटलाच्या खालचा भाग, फिल्मच्या कडा. मध्याकडे सगळ्यात शेवटी. बोट दाखवायचं तेही करंगळीने. जुन्या फिल्म्सवर तर्जनीचे ठसे उमटायचे म्हणून शिकतानाच लागलेली सवय, पुढे आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते वाटीकडे करंगळी करून सांगत. आणि दुसरं सूत्र असं, की एक दोष सापडला की डोळ्याचं पोट भरतं. तो थांबतो. म्हणून एक सापडलं की लगेच स्वतःला सांगायचं, आता दुसरं शोध. हे दुसरं सूत्र आम्ही दोघांनी मिळून मोडलं, आणि तीच या लेखाची गोष्ट आहे.

त्यांच्या हाताखाली हाला नावाची एक तरुण डॉक्टर होती. ती एका अरब देशातली. त्या देशाचं आणि शहराचं नाव मी लिहिणार नाही. तिथे लोक रस्त्यावर उतरले, चौक भरले, महिनाभर सगळ्या जगाने टीव्हीवर ते पाहिलं, मग गोळ्या चालल्या, आणि मग टीव्हीवर दुसरं काहीतरी सुरू झालं. हालाची धाकटी बहीण तिथल्या इस्पितळात नर्स होती. जखमी यायला लागले तेव्हा तिने फोनवर चित्रण केलं. वॉर्डातून, गच्चीवरून, घराच्या बाल्कनीतून. ते सगळं तिने हालाकडे पाठवलं, आणि ती स्वतः तिथेच राहिली, त्याच वॉर्डात, त्याच पाळ्या करत. आणखी तिघांची अशीच चित्रणं जमली होती. डंडॉकमधली ऑर्ला नावाची दिग्दर्शक त्यातून एक माहितीपट करत होती. हालाची एकच अट होती, बहीण ओळखू येता कामा नये. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "मी बघतो. आयुष्यभर तेच केलंय." मग मला फोन केला. "मृदुला, तू ते माणसांमागची खोली धूसर करायचं काम करतेस ना?"

करत होतेच. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्याचा चेहरा स्वच्छ ठेवून मागचा पसारा पुसट करायचा, हे आमच्या टीमचं काम. इथे ते बरोबर उलटं करायचं होतं. मी होकार दिला कारण काकांना नाही म्हणता आलं नाही. शौर्याचा काही संबंध नव्हता.

पहिल्या शनिवारी काका स्वतः बसने माझ्या घरी, सँडीफोर्डला आले. हातात स्टीलचा डबा. मला वाटलं काकूंनी दाण्याचे लाडू दिले. लाडू होतेच, पण त्यांच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हार्ड डिस्क होती. "बसमध्ये कुणी चोरली तर?" असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "काका, लाडवांसकट चोरली असती." ते गंभीरपणे म्हणाले, "तो विचार मी केला नव्हता," आणि पुढच्या खेपेपासून डब्यात कडू कारल्याचे काप यायला लागले.

मग शनिवार ठरून गेले, कधी माझ्याकडे, बहुतेकदा किलकेनीला. काकांनी चहाच्या खोक्याचा लाल पुठ्ठा कापून एक चौकोन केला होता. तो ते लॅपटॉपच्या पडद्यावर बरोबर मधोमध चिकटपट्टीने लावत. झेंडे, घोषणा, खांद्यावर बसून ओरडणारा माणूस, म्हणजे दिग्दर्शकाला जे दाखवायचं ते सगळं पुठ्ठ्याखाली जाई. उरत त्या फक्त कडा. आणि त्या कडांमध्ये काय काय असे! दुकानाच्या काचेत उमटलेला चित्रण करणाऱ्याचा चेहरा. मोटारीच्या आरशात आणखी एक. भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता. एकदा बाल्कनीतून घेतलेलं दृश्य होतं, खाली गर्दी, चेहरे सगळे लांबचे. मी म्हटलं, यात काही नाही. काकांनी करंगळी वरच्या डाव्या कोपऱ्याकडे नेली. तिथे दोरीवर कपडे वाळत होते, एक पट्ट्यापट्ट्यांची चादर, दोन झबली, एक निळा गाऊन. "मिरजेला आमच्या आळीत," ते म्हणाले, "दोरी बघून कुठल्या घरात कोण पाहुणा आलाय ते सांगता यायचं. हे काय, पत्ताच छापलाय की." त्या चादरीकडे मी चार वेळा पाहिलं होतं, आणि चारही वेळा मला ती फक्त चादर दिसली होती.

अशा फिल्म्स आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. पुण्या-मुंबईतल्या महोत्सवांत रांगा लावून पाहिल्या आहेत. भरलेला चौक, भाकरी वाटणारी म्हातारी, रणगाड्यासमोर उभा माणूस, शेवटी काळ्या पडद्यावर चार ओळी, आणि आपण ओल्या डोळ्यांनी टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत, आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली आहे. काका एकदा म्हणाले, "या फिल्मचा सगळ्यात मन लावून बघणारा प्रेक्षक कोण, सांग?" मी काहीतरी म्हटलं, परीक्षक, विद्यार्थी वगैरे. "तिथला पोलीस," काका म्हणाले. "तो मधेच उठून जात नाही. शेवटच्या नामावलीसकट बघतो, आणि परत पहिल्यापासून लावतो. त्याला आपल्यासारखीच सवय आहे… आधी कोपरे." मग चष्मा पुसत म्हणाले, "आपल्याला फक्त त्याच्या आधी बघायचंय." त्या दिवसापासून मला प्रत्येक चौकटीपाशी माझ्या शेजारी आणखी कुणीतरी बसल्यासारखं वाटायला लागलं.

ऑर्लाला हे समजावून सांगावं लागलं नाही. ती आयरिश सीमेजवळची, तिथे बंदुका आणि बॉम्ब चालायचे त्या काळात वाढलेली. तिच्या आईच्या अल्बममध्ये म्हणे अर्धे फोटो कात्रीने कापलेले होते. लग्नाचा असो की बारशाचा, फोटो काढायच्या आधी मागे कोण उभं आहे ते बघायचं, आणि कुणी असलंच तर नंतर कापून टाकायचं, ही त्यांच्या घरची रीत. "मोठी होईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांच्या घरचे फोटो असेच वेड्यावाकड्या आकाराचे असतात," ती म्हणाली. काका तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मग आपलं जमेल."

आणि जमलं होतं. अकरा महिने जमलं होतं. राहिलं होतं ते एकच अकरा सेकंदांचं दृश्य, ऑर्लाने अगदी शेवटी घातलेलं. त्यात हालाची बहीण फोन ट्रॉलीवर टेकवून ठेवते आणि स्वतः चौकटीत येऊन एका जखमी मुलीच्या डोक्याला पट्टी बांधते. सबंध फिल्ममध्ये ती दिसते ते एवढंच. चेहरा मी कधीच पुसला होता. त्या शनिवारी काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यामुळे मी सँडीफोर्डला एकटीच. पुठ्ठा किलकेनीला. ऑर्लाला संध्याकाळपर्यंत प्रत हवी. मी पुन्हा एकदा पाहिलं, आणि मला मागच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत तिचा चेहरा दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा, पण स्वच्छ. माझा मलाच आनंद झाला. काकांच्या आधी मी शोधला होता! काकांना फोन लावला, त्यांनी काकूंच्या टॅबलेटवर ते दृश्य उघडलं, आणि म्हणाले, "शाबास गं! अगदी कोपऱ्यातला पकडलास. आता मी मरायला मोकळा." मी काच पुसट केली आणि प्रत पाठवून दिली. दुसरं शोध, असं मी म्हटलं नाही. तेही म्हणाले नाहीत.

डंडॉकच्या एका लहानशा सभागृहात पहिला खेळ होता. मी, काका आणि हाला तिसऱ्या रांगेत. लॅपटॉपवर नखाएवढं असतं ते पडद्यावर दाराएवढं होतं, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते दृश्य आलं. चेहरा धूसर, काच धूसर. आणि खाली उजवीकडे, ट्रेमधली कात्री घ्यायला तिने हात लांब केला, बाही मागे सरली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची लांब, वळसे घेतलेली खूण सबंध पडद्याच्या कोपऱ्यात दीड सेकंद उभी राहिली. तिच्याबरोबर एक पाळी केलेल्या कुणालाही ती पुरेशी होती. (खूण भाजल्याची नव्हती. काय होती ते सांगणार नाही.) अंधारात काकांची करंगळी वर आली आणि तशीच राहिली. दुसऱ्या हाताने त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की नंतर दोन दिवस वळ होते.

फिल्म त्या सकाळपासून महोत्सवाच्या वेबसाइटवरही होती, तिकीट काढून कुणीही कुठूनही बघू शकेल अशी. ऑर्लाने धावत जाऊन ती काढायला लावली. पण सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसात… तेवढ्यात कुणी पाहिली, कुणी उतरवून घेतली, कळायला मार्ग नव्हता. बाहेरच्या दालनात लोक वाइनचे पेले घेऊन आमचं अभिनंदन करत होते. हाला भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्यासमोर गेले. ती रागावली नाही. सावकाश, एकेक शब्द उच्चारत म्हणाली, "ती आत्ता ड्युटीवर आहे." मग तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तीही वाजेना.

दोन आठवड्यांत हालाने नोकरी सोडली. कुठे गेली, कुणाला माहीत नाही. काकांना माहीत होतं असा मला संशय आला. मी थेट किलकेनी गाठलं. काका म्हणाले, "हालाने माझ्याकडून वचन घेतलंय. जे काय कळेल ते माझ्यापाशी. ऑर्लाला नाही, तुला नाही, कुणालाच नाही."

"म्हणजे काहीतरी कळलंय?"

"कळलं असलं तरी मी हेच म्हणणार, आणि नसलं तरी हेच. तू विचारू नकोस."

मी दर रविवारी विचारत राहिले. ते दर रविवारी "काकूंनी अळूवड्या केल्यात" किंवा "पाऊस थांबलाय" असलं काहीतरी सांगत राहिले.

ते चौदा महिने कसे काढले ते मीच जाणते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर पट्टी लावली, फोनच्या लावली, मग घरातल्या बंद पडलेल्या टॅबलेटलाही लावली. माझी शाळेत जाणारी लेक (इथली मुलं आईला मॅम म्हणतात) म्हणाली, "मॅम, यू आर बीइंग प्रॉपर वीअर्ड." अनोळखी नंबर आला की पाण्याचा नळ सोडून मगच उचलायचा. लुआसमध्ये हिरव्या टोपीचा एक माणूस लागोपाठ तीन दिवस माझ्याकडे बघत होता. चौथ्या दिवशी तो उठून माझ्याकडे यायला लागला तेव्हा मी दाराकडे सरकले. तो म्हणाला, सॉरी हां, पण तुमची ही डब्याची पिशवी कुठे मिळते? बायकोला फार आवडेल. ती आईने जुन्या पैठणीची शिवलेली पिशवी होती. मी ती त्याला तिथल्या तिथे देऊन टाकली आणि डबा हातात धरून ऑफिसात गेले. ऑफिसात सगळ्यांना ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगितली. स्वच्छतागृहात जाऊन रडले ते सांगितलं नाही. कारण मी इथे टोपीवाल्याला घाबरत होते, आणि ती तिथे… तिच्या दारावर कुणाची थाप पडली असेल? पट्टी बांधताना तिचा हात किती हलका होता ते मी शेकडो वेळा पाहिलं आहे. त्या हाताचं काय झालं असेल, हा विचार भाजी चिरताना यायचा, लेकीची वेणी घालताना यायचा.

काकांवर मी रागावले. गेल्या दिवाळीला गेले नाही. फराळाचा डबा काकूंनी कुणाबरोबर तरी पाठवला, चिवड्यावर चिठ्ठी होती, "रागाने वजन वाढतं. – भास्कर." मी उत्तर दिलं नाही. त्याचं आता काहीच करता येत नाही.

शेवटची भेट ते जायच्या तीन आठवडे आधीची. आजार कळला तोवर उशीर झाला होता. खिडकीपाशी आरामखुर्चीत इतकेसे झाले होते. पण मला बघून डोळे चमकले. "माझा स्कॅन मीच वाचला," मोठ्या अभिमानाने म्हणाले. "मधली गाठ सगळ्यांना दिसली. कोपऱ्यातली बारकी मी दाखवली त्यांना." काकू आतल्या खोलीत निघून गेल्या. मी काकांच्या पायाशी बसले आणि नको होतं तरी विचारलंच, "काका, आता तरी सांगा. ती आहे का?" त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "वचन दिलंय गं मी. सांगता येणार नाही… पण तुला बघता येतं. मी शिकवलंय तुला." औषधांच्या गुंगीत बोलताहेत असं मला वाटलं. मी त्यांची शाल सारखी केली. निघताना काकूंनी एक पाकीट हातात दिलं, म्हणाल्या, हे तुला द्यायला सांगितलंय. आत तो लाल पुठ्ठ्याचा चौकोन होता, कडेला चिकटपट्टी वाळून पिवळी झालेली.

काका गेल्यावर या पुरवणीसाठी मी लेख लिहिला. खऱ्या नावाचा, साधा, डॉक्टर कसे प्रेमळ होते आणि मंडळाच्या गणपतीत आरती कशी बेसूर म्हणत, एवढाच. फोटो हवा होता म्हणून काकूंकडे मागितला. त्यांनी लगेच पाठवला आणि खाली लिहिलं, "हाच द्यायचा असं यांनी सांगून ठेवलंय." गेल्या वाढदिवसाचा होता. स्वयंपाकघरात टेबलाशी काका बसलेत, समोर श्रीखंडाची वाटी, आणि इतके मनापासून हसताहेत की चष्मा नाकावरून घसरलाय. मी तीन दिवस तो फोटो बघून रडत होते. चौथ्या दिवशी संपादकांना पाठवायला ईमेल उघडली, लेख जोडला, फोटो जोडला. पाठवणार, तेवढ्यात लॅपटॉपशेजारी पडलेल्या पुठ्ठ्याकडे लक्ष गेलं.

सवयीने म्हणा, किंवा निरोप घ्यायचा म्हणून म्हणा, मी तो उचलला आणि पडद्यावर मधोमध धरला. काकांचा चेहरा त्याच्याखाली गेला. वर डावीकडे भिंतीवरचं घड्याळ. वर उजवीकडे कालनिर्णय. खाली डावीकडे खुर्चीचा पाय, काकूंच्या सपाता. खाली उजवीकडे स्वयंपाकघरातला तो जुना प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, काचेच्या दाराचा. त्याच्या काचेत फोटोत नसलेल्या बाजूची खोली दिसत होती.

त्या काचेत काय होतं ते मी लिहिणार नाही. मी लॅपटॉप सोडून उठले, खोलीभर चकरा मारल्या, परत येऊन पाहिलं, मोठं करून पाहिलं. मग काकूंना फोन लावला.

काकूच म्हणाल्या, "दिसलं वाटतं."

"काकू…"

"किती दिवस लागले?"

"तीन… चार."

"हे म्हणाले होते, आठवडा लागेल तिला. आधी रडत बसेल." त्यांचा आवाज हसल्यासारखा आला. "मी काही सांगितलेलं नाही हं तुला. यांनीही नाही. आता तो पुसून टाक बाई."

म्हणून या लेखाबरोबर फोटो नाही, आणि म्हणून लेखातलं एकही नाव खरं नाही. संपादकांना मी कळवलं, की कुटुंबाची तशी इच्छा आहे, जे खरंच आहे. भीती गेली असं म्हणणार नाही. ती आता वेगळी आहे. आता सांभाळायला काहीतरी आहे, याची भीती. काका म्हणत तसं, आता कामाला लागून घाबरायचं. वाचताना तुम्हाला काही समजलंसं वाटलं असेल, तर कृपा करून ते तुमच्यापाशीच राहू द्या.

फोटो पुसण्याआधी मात्र मला एक सापडलं म्हणून मी थांबले नाही. ते दुसरं सूत्र मी पुन्हा मोडणार नव्हते. पुठ्ठा बाजूला केला आणि सगळ्यात शेवटी, शिकवल्याप्रमाणे, मध्याकडे पाहिलं. काका हसत होते. डावा हात श्रीखंडाच्या वाटीला, आणि उजवा टेबलावर सहज टेकल्यासारखा, चार बोटं आत दुमडलेली. करंगळी तेवढी सरळ होती, आणि ती बरोबर त्या कपाटाच्या काचेकडे होती.